सासूचं रशियन

शिकून मिळणार काय, याचा हिशेब कुमुदिनीबाईंनी आधीच मांडला होता. रशियन सून रोज दुपारी आपल्या आईशी तासभर फोनवर बोलायची. त्यात सासूच्या कागाळ्या किती, ते एकदाचं कळलं असतं.

म्हणून त्यांनी मोबाइलवर तीन ॲप उतरवून घेतली. पहिलं दोन आठवडे सफरचंदाच्या पुढे सरकेना. दुसऱ्यातल्या विभक्त्यांनी बाईंना घेरीच आली. तिसऱ्याच्या दुसऱ्या धड्यात मात्र थेट सासूच भेटली: स्वेक्रोव! बाईंनी तेच ठेवलं, फुकटातलं, जाहिरातींसकट. सुनेला सुगावा लागू न देता, देवघराचं दार लोटून, सहा महिने गिरवलं.

आज गवार मोडता मोडता त्यांनी कान टवकारले. फोनवर 'स्वेक्रोव' आलीच! बाईंचा हात थांबला. पुढचे शब्दही चक्क ओळखीचे निघाले. सून आईला सांगत होती, "सासूबाई रशियन शिकताहेत. माझ्यासाठी. लाजतात, म्हणून गुपचूप." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

बाईंची मान वर होईना. मोडलेल्याच शेंगा त्या पुन्हा मोडत बसल्या.

डोळे पुसत सून शेजारी येऊन टेकली. "आई, रागावू नका. तुमच्या मोबाइलमध्ये मी ते ॲप बघितलं," ती जपून जुळवलेल्या मराठीत म्हणाली. "आता जाहिराती नाही येणार. वर्षाचे पैसे मी भरले."

एरवी कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव विचारून घेणाऱ्या बाईंना 'किती भरलेस?' एवढं विचारायचीही लाज वाटली.