दुफीचा कोळसा

कुमासीच्या बाजारात कोळसा विकून सेर्वाने आपल्या मुलीला, दुफीला, डॉक्टरेटपर्यंत शिकवलं. तिचे हात तरी काळे होऊ नयेत, एवढीच इच्छा. एक दिवस सेर्वा कौतुकाने मुलीची प्रयोगशाळा बघायला गेली, तर दुफी नारळाच्या करवंट्यांचा कोळसाच करत होती.

सेर्वाचा चेहरा पडला. "अगं, हेच करायचं होतं तर माझ्याच शेजारी बसायचंस की."

"आई, ह्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत. त्यांत हायड्रोजन वायू साठतो. पुढे त्यावर गाड्या धावतील."

सेर्वा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारच्या विक्रेतीने टोमणा मारला, "एवढं शिकून पोरगी कोळशातच आली म्हणे?"

"कोळसा कुणीही करेल," सेर्वा शांतपणे म्हणाली. "माझी मुलगी त्याला भोकं पाडते. त्याला शिक्षण लागतं."