बासष्ट किलो

“हलू नकोस गं, दोनच मिनिटं,” जमिनीवर आडवे पडलेले तात्या म्हणाले. काकू भिंतीला हात टेकवून वजनकाट्यावर उभ्या होत्या. तात्यांनी काट्याच्या बाजूची झाकणी काढली होती आणि ते स्क्रूड्रायव्हरने आतली स्प्रिंग आवळत होते. पाव फेरा आवळायचा, काकूंना उतरवायचं, पुन्हा चढवायचं. पाच वेळा झालं. चार बोटं उंचीचा तो काटा चढताना काकूंना धाप लागली, तेव्हा तात्या म्हणाले की तुझीही स्प्रिंग तपासावी लागणार बहुतेक. काकू हसल्या. हसतानाही त्यांना धापच लागली.

चाळीस वर्षं तात्यांनी लोकांचे काटे दुरुस्त केले होते. दुकान विकलं तेव्हा सगळं गेलं, फक्त काटे तपासायची वीस-वीस किलोची तीन प्रमाण वजनं त्यांनी घरी आणली. वाऱ्याने आपटू नये म्हणून ती दाराला लावून ठेवलेली असत. त्यांच्यावर पाय ठेचकाळला की काकू वजनांचा आणि तात्यांचा एकदमच उद्धार करायच्या.

तीन महिन्यांपूर्वी जिने चढताना काकूंचा श्वास पुरेनासा झाला. तपासणीत हृदयाचं पंपिंग उत्तम निघालं. पोरगं पास झाल्यासारखे तात्या खुलले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. हृदय रक्त ढकलतं छान, त्या म्हणाल्या, पण दोन ठोक्यांच्या मध्ये त्याने सैल पडायला हवं, तेव्हा ते भरतं. वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने ते ताठ झालंय. पुरतं भरत नाही, मग पाणी मागे फुप्फुसात तुंबतं, पायात उतरतं. त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या, लघवीवाटे पाणी काढणारी एक गोळी दिली, मीठ तोडलं आणि जमेल तेवढं चालायला सांगितलं. शेवटी त्या तात्यांकडे वळल्या.

“रोज सकाळी उपाशीपोटी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी मला फोन. वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी.”

गोळ्यांतलं तात्यांना काही कळत नव्हतं, पण हे काम त्यांच्या हातचं होतं. नवा काटा आला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने आकडा पडू लागला. बासष्ट, बासष्ट, एकसष्ट नऊशे, बासष्ट. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते कॅलेंडर कौतुकाने दाखवत.

मग एका सोमवारी बासष्ट आठशे भरले. मंगळवारी त्रेसष्ट चारशे. बुधवारी चौसष्ट दोनशे.

तात्यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. बायको चिमणीएवढं खात होती, गोळी एकही चुकली नव्हती, मीठ घरात नावाला उरलं होतं. वजन वाढेल कशाने? स्प्रिंग सैल पडली की काटा जास्त दाखवतो, हे त्यांनी हजार काट्यांत पाहिलं होतं. डॉक्टरीणबाईंना घाईने कळवायचं आणि काटेवाल्याच्याच घरचा काटा खोटा निघायचा, म्हणजे शोभाच. काकू म्हणाल्या की कालपासून चपलाही घट्ट होतायत. चपला पावसात भिजून आकसल्या असतील, असं तात्यांनी ठरवून टाकलं.

साठ किलोची वजनं दाराशी होती. पण ती तीन पावलांवरून ओढत आणायची कोणी? कंबर धरली होती. आणि बासष्ट किलोचं माणूस समोर उभंच होतं. सुई बासष्टवर येईपर्यंत तात्यांनी स्प्रिंग आवळली, झाकणी लावली आणि कॅलेंडरवरचे तिन्ही खोटे आकडे खोडरबराने पुसून त्या जागी बासष्ट लिहिलं.

गुरुवारी बासष्ट तीनशे भरले. एवढं तर चालायचंच. शुक्रवारी पहाटे काकू पलंगावर उठून बसल्या आणि त्यांना पुन्हा आडवं होता येईना; त्यांना लगेच हॉस्पिटलात नेलं. रविवारी त्या गेल्या.

वॉर्डाबाहेर डॉक्टरीणबाईंनी तात्यांनी सोबत आणलेल्या कॅलेंडरची घडी उलगडून पाहिली. दोन दिवस आधी कळलं असतं तर पाण्याची गोळी वाढवली असती, त्या हळूच म्हणाल्या. मग आकड्यांवरून बोट फिरवून त्यांनी मान हलवली. “पण यात तसं काहीच दिसत नाही. तुमची काही चूक नाही, काका. एवढी नेमाने काळजी कोण घेतं?”

त्या एका वाक्यावर तात्यांनी पुढचा महिना काढला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कॅलेंडर दाखवत. काकूंची आठवण फार झाली की स्वतःच पुढ्यात घेऊन बसत. आपण एक दिवसही चुकलो नाही, एवढंच काय ते उरलं होतं.

महिन्याने वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या यजमानांनाही डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. तुमचा काटा पडून असेल तर न्यावा म्हणते, असं त्या संकोचत म्हणाल्या. तात्या म्हणाले की खुशाल न्या, फक्त पाच मिनिटं बसा. प्रमाण वजन ठेवून पाहिल्याशिवाय काटा परक्या घरी द्यायचा नाही, हा चाळीस वर्षांचा नेम होता.

त्यांनी काटा पुसला. कंबर सांभाळत दाराशी गेले आणि एकेक करून तिन्ही वजनं ओढत आणली. वीस. चाळीस. साठ.

सुई अठ्ठावन्नवर येऊन थांबली आणि हलली नाही.