मनगटाचा ठराव

खरी लोकशाही पाहायची तर या घरात यावं. इथे सासूपासून सुनेपर्यंत प्रत्येकाला एक मत होतं आणि सगळ्यांची मतं जुळल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकला जात नसे. फ्रिजचा रंगही एकमतानं ठरला होता. तोवर उन्हाळा सरला आणि त्या रंगाचा फ्रिज बाजारात येणंच बंद झालं, ही गोष्ट वेगळी.

या रविवारी दुपारच्या चहाला विषय पुन्हा मास्तरच्या मनगटाचा होता.

मास्तर म्हणजे घरातली मोठी सून. कपडे शिवायच्या कारखान्यात ती कापड बेतायची. एकावर एक अंथरलेले थर जाड कात्रीनं एका दमात कापायची, म्हणून तिथे तिला मास्तर म्हणत. हळूहळू घरीही तेच नाव पडलं. कापडाचा तागा घेऊन जिना उतरताना ती उजव्या तळव्यावर पडली आणि मनगटातलं लिगामेंट तुटलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, तुटलेली टोकं आखडत जातात, मग जोडता येत नाहीत. मास्तरनं घरी येऊन ते आपल्या भाषेत सांगितलं, "कड वेळेत शिवली नाही तर उसवत जाते. मग टाका घालायला कापडच उरत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर बरेच रविवार गेले. मागच्या रविवारी एकमत झालं, पण ते एवढ्यावरच, की नवा स्कॅन काढून डॉक्टरांकडे पाठवावा. तो पाठवला होता.

मास्तरलाही मत होतंच. पण मनगट तिचंच असल्यामुळे ते मत स्वार्थी धरलं जाई.

"घाई करू नये, एवढंच माझं म्हणणं," भावजी बिस्किट चहात बुडवत म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या एकानं केलं ऑपरेशन. आजतागायत लंगडतो."

"मनगटाचं?" मास्तरनं विचारलं.

"गुडघ्याचं. पण वहिनी, शेवटी सांधा तो सांधाच ना!"

"तेही आहे," नवरा म्हणाला. त्याला कुठल्याही वादात दोन्ही बाजू पटत. तिसरी निघाली असती तर तीही पटली असती.

मास्तरनं डाव्या हातानं कप उचलला. उजवा हात पट्ट्यात गुंडाळून मांडीवर पडला होता, कुणी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

"कारखान्यातून परत निरोप आलाय," ती म्हणाली. "शाळांच्या गणवेशांचं काम सुरू होतंय. कात्री धरणार असाल तर जागा ठेवतो म्हणाले, नाहीतर दुसरं माणूस बघतील."

"मग सांग ना त्यांना, घरात चर्चा चालू आहे म्हणून," नवरा म्हणाला.

भावजींनी बिस्किटाचा चहात पडलेला तुकडा चमच्यानं काढला. "नोकरीचाच प्रश्न असेल तर वहिनी, मी आडवा येत नाही. माझं हो धरा."

आता सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मघापासून गप्प होत्या. त्यांचं गप्प बसणं हे या घरातलं सगळ्यात लांबलचक भाषण असे.

"आई, तुमचं काय?" मास्तरनं विचारलं.

"माझं काय असणार बाई! माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तुला काम होतं. 'आई, तेवढे गणवेश उरकू द्या, मग करू,' म्हणालीस. तुझं हो यायला वर्ष गेलं. वर्षभर मी भिंती चाचपत फिरले. पण एका शब्दानं बोलले का?"

तेव्हापासून त्या रोज बोलत होत्या. मास्तरनं ते काढलं नाही. बाकीचं सगळं खरं होतं.

"चुकलं माझं, आई."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा चढवला.

"कर बाई ऑपरेशन. हे 'चुकलं' पहिल्या रविवारी म्हणाली असतीस, तर एव्हाना हात बरा झाला असता."

"झालं एकमत!" भावजींनी टाळी वाजवली. नवऱ्यानं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून टेबलावर कपबशांच्या मध्ये ठेवला.

"बरं झालं फोन केलात," डॉक्टर म्हणाले. "नवा स्कॅन पाहिला मी. टोकं पार आखडलीत. शिवायला आता काही राहिलेलं नाही."

"पण डॉक्टर, आमचं सगळ्यांचं ठरलंय," नवरा म्हणाला.

"आता एकच करता येतं. हाडं एकमेकांना जखडून टाकायची. दुखणं कमी होईल, पण मनगट वळणार नाही, कात्री तर सोडाच. त्यापेक्षा पट्टा वापरा, त्या हातावर भार टाकू नका. दुखलं तर गोळी घ्या."

फोन बंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "चला, कापाकापी तर टळली." नवऱ्याला तेही पटलं.

भावजी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली.

"अहो वहिनी, डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते! ही बघा. मागवू? कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. मास्तर फोनवरचं चित्र बघत राहिली. कात्री चांगली होती, जाड पात्याची. फक्त ती डाव्या हातात घेतली की कापडाचे थर उजव्या हातानं दाबून धरावे लागतात, आणि तो सगळा भार मनगटावर येतो.