आळसाचे अकरा गुण

'गणित: एकोणतीस. नापास. गेलेल्या गुणांची कारणं: अवघड पेपर, साठ. मैत्रिणीच्या आजारपणातली जागरणं, अकरा.'

गुणपत्रिका हल्ली एवढं सगळं छापायची. मृणालने ती दप्तरात कोंबली आणि थेट दुरुस्तीची खिडकी गाठली.

"काका, अकरा गुणांचं कारण बदला. तिथे आळस लिहा."

सरवदेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आळस खोडायला इथे रांग लागते, पोरी. मागून घेणारी तू पहिलीच. गुण वाढणार नाहीत हं."

"नकोतच. खोलीवर शमीम आहे, डेंग्यूतून आत्ता कुठे उठलीय. उशाशी कोण बसलं होतं, तिला आठवतही नाही. हे वाचलं तर रडून पुन्हा आजारी पडेल."

काकांनी जुनं कारण खोडून 'आळस' लिहिलं आणि शिक्का मारला.

खोलीवर शमीमने गुणपत्रिका हिसकावलीच. "आळस? अकरा गुण? मी तापाने फणफणत होते आणि तू झोपा काढत होतीस?"

"काढत होते," मृणाल म्हणाली.

"थांब, आळशे. फेरपरीक्षेपर्यंत रोज पाचला उठवते तुला."

पुन्हा अंथरुणावर टेकत शमीमने गजर लावला आणि घड्याळ स्वतःच्या उशाशी ठेवलं.