लाल शाईचे शेरे

"बाई, तुमची रुजू होण्याची तारीख?" इतिहासाच्या सरांनी पेन उघडून विचारलं.

"साहेबांची पहिली भेट झाली ना, तोच दिवस लिहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि माझा फोटो नको."

शाळेला पन्नास वर्षं होत होती. पाचवी ते आठवी, नऊ खोल्या, एकशे बारा मुलं. वस्ती संपून हमरस्ता सुरू होतो तिथे ती उभी होती, आणि तिचा इतिहास छापायचं काम साहजिकच सरांच्या गळ्यात पडलं होतं. पहिली एकतीस वर्षं दीड पानात आटोपली. सहा मुख्याध्यापक आणि एक उडालेलं छप्पर. सहावे मुख्याध्यापक आठ दिवसांच्या रजेवर गेले ते परत आलेच नाहीत; छप्पर निदान मैदानात तरी सापडलं.

पुढचा सगळा इतिहास शेरेबुकात होता. निरीक्षक साहेब दर दोन महिन्यांनी न चुकता येत आणि लाल शाईत शेरा लिहून जात. 'मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ गळतो.' 'टाकीला झाकण नाही.' पुढच्या भेटीपर्यंत ते काम झालेलं असे, कारण साहेब येणार म्हटलं की शिपाईकाकांपासून गणिताच्या बाईंपर्यंत सगळ्यांची तंतरायची. हळूहळू साहेबांची भीड चेपली असावी. वाचनालयाला कुलूप का, आठवीला भागाकार का येत नाही, इथवर शेरे पोचले. वाचनालय उघडलं. भागाकारही हळूहळू जमू लागला.

"साहेबांना पाण्याचा भारी नाद दिसतो," सर म्हणाले. "पहिले अकरा शेरे पाण्याचेच."

"मुलं पाणीच पितात, सर. शाई नाही."

बोलता बोलता बाईंनी ड्रॉवरमधून सुई काढली, सरांच्या बाहीचं लोंबणारं बटण लावून दिलं, दोरा दातांनी तोडला आणि दाखल्यांवर सह्या करायला घेतल्या. सहीखाली नेहमीसारखं 'मुख्याध्यापिका करिता'. पदाचा इतका कमी तोरा असलेलं माणूस सरांनी पाहिलं नव्हतं. दुपारचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. ऑफिसच्या एका खिडकीला निळा पडदा होता, दुसरी उघडीच.

"या खिडकीला पडदा का नाही?"

"राहिलाय," बाई म्हणाल्या.

सरांनी मग हौसेने एक उद्योग केला. पुस्तिकेत साहेबांचं पूर्ण नाव हवं म्हणून त्यांनी थेट शिक्षण खात्याच्या कार्यालयाला पत्र टाकलं. उत्तर शुक्रवारी आलं. निरीक्षकाचं पद एकोणीस वर्षांपूर्वीच रद्द झालं होतं. 'आपल्याकडे कोण येतं याचा खुलासा मुख्याध्यापिकेने समक्ष, स्वतःच्या नेमणूकपत्रासह करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास शाळा हमरस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करण्यात येईल.'

सर पत्र घेऊन बाईंकडे गेले. दहा-दहा वर्षांची पोरं रोज तो रस्ता ओलांडणार, आणि ते कशामुळे, तर त्यांना एक नाव हवं होतं म्हणून.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. "सोमवारी साहेब येतीलच. तेव्हा तुम्हीही बसा, सर. तुमचाच विषय आहे."

सोमवारी साहेब आले. आता डोकं पांढरं, पण काखेत तीच जाडी वही, कानाला लाल पेन. शिपाईकाकांनी चहा ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर गेले. बाईंनी पत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, कानावरचं पेन काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"मी पाण्याचे मीटर वाचायचो, बाई," ते म्हणाले. "मुलगी इथे पाचवीला होती. कंपास विसरली, तो द्यायला आलो होतो. काखेत वही, कानाला पेन. तुम्ही मला बघून ताडकन उठलात, 'या साहेब' म्हणालात. मीटरवाल्याला कुणी 'या' म्हणत नाही हो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, नळ गळतोय. पुढच्या खेपेला बघतो तर नळ नवा."

"आणि मुलगी?" सरांनी विचारलं.

"ती चार वर्षांत पास होऊन गेली. मीच अडकलो."

साहेबांनी चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"कार्यालयात मी येतो तुमच्याबरोबर. सगळं माझ्यावर घाला. तुम्ही नेमणूकपत्र दाखवा आणि मोकळ्या व्हा. तुमची काय चूक? तुम्ही तर तुमच्या खुर्चीत बसला होतात."

"खुलासा लिहून झालाय," बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. कागदाबरोबर मापाची टेपही बाहेर आली, ती त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली. "सर, जरा मोठ्याने वाचा. साहेबांचा चष्मा जुना झालाय."

सर वाचू लागले.

"'गेली एकोणीस वर्षं या शाळेची तपासणी पाण्याचे मीटर वाचणाऱ्या एका पालकाने केली. शाळेत आज एकही नळ गळत नाही. मुलं भागाकार करतात. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, मुख्याध्यापिका आपणच ना? मी खुर्चीत बसलेली सापडले होते, आणि निरीक्षकापुढे नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. ऑफिसच्या दोन पडद्यांपैकी एक लावून झाला होता. दुसऱ्याचं माप घेता घेता मी क्षणभर टेकले होते, ते काम अजून बाकी आहे.'"

खाली बाईंची सही होती. या वेळी 'करिता' नव्हतं. नुसतं 'शिवणशिक्षिका'.