सरावाचं काम

हारिम सोलमध्ये मोठ्या शिस्तीनं नोकरी शोधत होती. रोज सकाळी तीन अर्ज, दर मंगळवारी जुन्या अर्जांची चौकशी, आणि मुलाखतीआधी त्या कंपनीचा माल स्वतः वापरून बघायचा. तांदळाची तयार पेज पाकिटातून विकणाऱ्या एका कंपनीनं तिला शेवटच्या फेरीत ‘सरावाचं काम’ दिलं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जाहिरात तयार करा. अकरा दिवस ती बाजारातल्या आज्यांशी बोलत हिंडली, तेव्हा कुठे तिला वाक्य सुचलं: ‘एकटीनं जेवायचं, म्हणून काय उभ्यानं जेवायचं?’

कंपनीनं नकार कळवला.

दोन महिन्यांनी मेट्रो स्टेशनच्या भिंतीवर तेच वाक्य हातभर अक्षरांत झळकलं. हारिम तडक कंपनीत गेली.

“पोस्टर पाहिलंत? झकास झालंय ना!” मुलाखत घेणारे टाक साहेब कॉफी पुढे सरकवत म्हणाले.

“माझं वाक्य चोरलंत तुम्ही.”

“अहो, शंभर जणांतून तुमचंच निवडलं! तेव्हा जागाच नव्हती. आता आहे. उमेदवारांना अशी सरावाची कामं घालून देणारं माणूस हवंय. पगारही चांगला आहे.”

कॉफीला हातही न लावता हारिम उठली आणि दारात थांबली.

“इतकं निर्ढावायला किती वर्षं लागतात हो?”

“फार नाही,” टाक साहेब शांतपणे म्हणाले. “माझ्या सरावाच्या कामाचं पोस्टर लागलं, त्याला सहाच वर्षं झाली.”