झाकणावरची सही

बाटलीतलं रसायन दुधाळ झालं होतं आणि अमोनियाचा झणका येत होता. प्रयोगशाळेतल्या ताईंना कळलं, दीड महिन्याची मेहनत पाण्यात गेली. सिलिकॉन आणि नायट्रोजनची जोडी भलती हळवी; दमट हवा लागली, की मोडलीच. म्हणून त्या तिला कोरड्या पेटीत जपत होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख सर भेटीला आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुमच्या हाताला शिस्तच नाही, ताई. उद्यापासून प्रयोग बंद, नुसती भांडी धुवा." पाहुणे फिस्सकन हसले. ताईंनी बाटलीचं झाकण निरखलं. बाटली उघडणाऱ्यानं झाकणावर पट्टी लावून सही करायची, हा सरांचाच नियम. काल त्या जेवायला गेल्यावर कुणीतरी बाटली बाहेर मिरवली होती, सवयीनं लफ्फेदार सहीही ठोकली होती. ताईंच्या नेमणूकपत्रावरही तीच सही होती. त्यांनी बाटली पुढे सरकवली. "धुते ना भांडी, सर. आधी झाकणावरचं नाव पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवा."